बांगडे शंभराक सा: ताटाचा हिशेब

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं) ओढून झाली की वाळूतच वाटे लागतात. वजनकाटा नाही, भावाची पाटी नाही. मावशी हाताच्या अंदाजाने ढीग लावते, आपण भाव विचारायचा.

‘कशे दिलंस गो बांगडे?’

‘शंभराक सा. आत्ताच इलेत रापणीतसून, बघ नि घे.’

‘सात दी.’

‘सात दिलंय तर माका काय र्‍हवतला?’

सहाच घेतले. घरी आल्यावर मात्र नेहमीसारखे थेट विळीवर न नेता आधी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवले. सहा बांगडे, ७२० ग्रॅम. डोकी, पर, पोटातली घाण काढून पुन्हा ठेवले, ५१० ग्रॅम. रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांच्या ताटांतले काटे गोळा करून तेही तोलले, ८० ग्रॅम. नवरा म्हणाला, आता मांजरालाही पावती देणार काय? ठेवू दे त्याला नावं. पण १०० रुपयांत आमच्या पाच जणांच्या पोटात नेमकं किती गेलं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ४३० ग्रॅम.

स्वस्तात चांगलं खायचं म्हटलं की आपण किलोचा भाव बघतो आणि तिथेच फसतो. किलोत टरफल असतं, काटा असतो, पाणी असतं. पैसे सगळ्याचे जातात, पोटात जातं ते वेगळंच. म्हणून हिशेब तीन पायऱ्यांनी करायचा. विकत किती घेतलं, त्यातलं खाण्याजोगं किती उरलं, आणि त्या उरलेल्यातून अंगाला काय मिळालं.

तिसरी पायरी जरा अवघड वाटते, म्हणून ती एकाच गोष्टीपुरती धरते. प्रथिनं. घरखर्चाची ओढाताण झाली की ताटातून पहिली तीच कमी होतात, भात मात्र तेवढाच राहतो. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १९ ग्रॅम प्रथिनं धरली, तर ४३० ग्रॅममध्ये झाली ८२. म्हणजे १० ग्रॅम प्रथिनं पडली १२ रुपयांना.

आता हाच हिशेब पापलेटाला लावा. समजा भाव १२०० रुपये किलो आणि एक पापलेट ४०० ग्रॅमचं. ४८० रुपये गेले. साफ करून, काटा वजा जाता खायला मिळतं २७० ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं ४९ ग्रॅम. १० ग्रॅमला ९८ रुपये. बांगड्याच्या आठपट! डोक्यासकट घेतलेली कोळंबी ५०० रुपये किलोची धरली, तर सोलल्यावर निम्मीच उरते, त्यामुळे तिची १० ग्रॅम प्रथिनं ५४ रुपयांच्या घरात जातात. अंडं ७ रुपयांचं धरलं तर त्यात ६ ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम पुन्हा १२ रुपयांनाच. आणि कुळीथ? १२० रुपये किलोचे धरले, तर साडेपाच रुपये.

भाव रोज बदलतात. तुमच्या बाजारातला भाव तुम्ही घाला, पण क्रम फारसा बदलत नाही असं माझा अनुभव सांगतो. पापलेट वाईट म्हणून महाग नाही, तसंच ते आठपट पौष्टिक म्हणूनही महाग नाही. त्याला मागणी आहे, काटा कमी आहे, आणि पाहुण्यांसमोर ते ठेवलं की यजमानाची मान ताठ राहते. त्या मानेचे पैसे ताटाच्या हिशेबात धरायचे नाहीत, एवढंच.

माणसाला दिवसाला लागतात किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. त्यातली बरीचशी भात-भाकरीतून येतातच. १०० ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम असतात. तेव्हा प्रश्न सगळ्या ४६ चा नसून उरलेल्या वीस-पंचवीसचा असतो, आणि सहा बांगड्यांतून आमच्या घरात प्रत्येकाला त्यातले सोळा मिळाले.

बांगड्याच्याही खाली आणखी एक रांग आहे, तिच्याकडे तर लोक बघतही नाहीत. पेडवे, तारली, मांदेली, मोतके असे लहान मासे. रापणीत हे टोपल्यांनी येतात. साफ करायला कंटाळवाणे, काट्यांनी भरलेले, म्हणून स्वस्त. पण मांदेली नि मोतकी कुरकुरीत तळली की काट्यासकट जातात, आणि काटा म्हणजे कॅल्शियम. पापलेटाचा काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो, मांदेलीचा पोटात जातो. तारली आणि बांगडा हे तेलकट मासे. त्यांच्या अंगातल्या तेलातच असतं ते ओमेगा-३, ज्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानात बाटलीतून मिळतात. शिवाय ड जीवनसत्त्व आणि बी-१२. ही तारली मोठ्या प्रमाणात फिशमीलच्या कारखान्यात जाते, तिची पावडर होते, आणि ती कोंबड्यांना, तळ्यातल्या कोळंबीला खायला घालतात. मग ती कोळंबी आपण ५०० रुपयांनी विकत आणतो. असो.

पेडव्यांचं तिखलं करायचं तर तेलही फार लागत नाही. मिरची, हळद, चार-पाच तिरफळं ठेचून, दोन-तीन सोलं (आमसुलं) आणि मासे बुडतील-न बुडतील एवढं पाणी. त्यांच्याच तेलावर शिजतात.

आता या स्वस्त माशांबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते, कारण ती माझ्या अंगावर उठलेली आहे. एका दुपारी बाजार संपता संपता बांगडे फार स्वस्त मिळाले. टोपली उन्हात होती, बर्फ केव्हाच वितळला होता. मला वाटलं, चांगलं शिजवू, काय होतंय? जेवून अर्धा तास झाला नाही तर तोंड लालभडक, कानशिलं गरम, अंगभर खाज. डॉक्टर म्हणाले, ही माशाची ॲलर्जी नव्हे, हा शिळेपणा. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गरम हवेत पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा शरीर जे सोडतं, तेच हे. आणि एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, खारवूनही जात नाही. वासानेही नेहमी कळतं असं नाही.

म्हणजे स्वस्त माशाचा दर्जा ठरतो तो घड्याळावर. सकाळी दर्जेदार असलेला बांगडा उन्हात पडला तर दुपारी नसतो. घेताना कल्ला उचलून बघायचा, लालबुंद हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ, आत गेलेला नको. बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. बांगडा डोक्याकडून आडवा धरला तर ताठ राहायला हवा, शेपूट लोंबायला लागली की समजावं. तारलीचं पोट फुटलेलं असेल तर कितीही स्वस्त असो, पुढे चालू लागायचं. मी पिशवीत एका डब्यात बर्फ घेऊनच जाते. मावश्या हसतात. हसू देत.

जूनमध्ये हे सगळं थांबतं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. या दोन महिन्यांत बाजारात जे ताजं म्हणून मिळतं ते एकतर खाडीतलं, नाहीतर बर्फातलं आणि अव्वाच्या सव्वा भावाचं. पण आमच्या आज्यांनी यावर तोड कधीच काढून ठेवली होती. पावसाची बेगमी.

बेगमी म्हणजे नुसता साठा नव्हे, तो पैशांचा व्यवहार आहे. जी वस्तू ज्या महिन्यात मुबलक आणि उत्तम, त्याच महिन्यात ती घ्यायची आणि टंचाईच्या महिन्यात खायची. एप्रिल-मे महिन्यांत खारे बांगडे, गोलमा (बारीक सुका जवळा), सुकट, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सोलं, मिरच्या, कुळीथ घरात येऊन पडतात. रक्कम एकदम मोठी जाते हे खरं, म्हणून आमच्याकडे मार्चपासूनच दर आठवड्याला एखादी वस्तू घेतात. सगळी एकदम घ्यायला गेलं की दुकानदार उधारीची वही काढतो आणि वाचलेले पैसे तिथेच जातात.

सुक्या माशाचा किलोचा भाव ऐकून लोक दचकतात. इथे मघाची दुसरी पायरी आठवायची. ताज्या माशात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं, बोंबलात तर बहुतेक पाणीच. वाळवल्यावर पाणी गेलं, जे राहिलं ते घट्ट अन्न. मूठभर गोलमा कांद्यावर परतला की चार जणांच्या भाकरीला पुरतो. सांभाळायची गोष्ट एकच, मीठ. बांगडा खारवून वाळवतात, बोंबील आणि जवळा बहुधा नुसते उन्हावर. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी खारा बांगडा कोमट पाण्यात घालून दोनदा पाणी बदलावं, आणि कालवणात वरून मीठ घालूच नये. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात भाजी, लोणचं, पापड सगळं आलं. वाळूवर सुकवलेल्या सुकटीत कचकच असते. ती आधी चाळून मग धुवावी, धुऊन मग चाळायला जाऊ नये. हे मी शिकले ते दाताखाली खडा आल्यावर.

आणि कुळीथ. साडेपाच रुपयांचा आकडा वर आलाच आहे. १०० ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, शिवाय लोह आणि कॅल्शियम. आमच्याकडे कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून त्याची पिठी दळून ठेवतात. चार-पाच चमचे पिठी गार पाण्यात कालवायची, लसूण ठेचून फोडणीत टाकायची, मिरची, दोन सोलं, आणि सतत ढवळत एक उकळी. दहा मिनिटांत कालवण. वाफाळता भात, पिठी, बाजूला भाजलेला सुका बांगडा. पाऊस धो धो पडत असताना याच्यापुढे मला तरी दुसरं काही नको असतं.

पण कुळीथ आणि मासा प्रथिनांच्या बाबतीत अगदी सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. प्रथिनं ही अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. तांदळात लायसिन नावाचा मणी कमी असतो, कडधान्यात तो भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, तांदळात ते पुरेसं. दोन्ही एका ताटात आली की एकाची तूट दुसरं भरून काढतं. म्हणून नुसती पिठी वाटीभर पिण्यापेक्षा ती भातावर घ्यावी. कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणले की त्यातलं फायटेट कमी होतं. हे फायटेट लोहाला धरून ठेवतं आणि अंगात शिरू देत नाही. बी-१२ मात्र कुळथात नाही, कुठल्याच डाळीत नाही. ते अंडं, दूध, मासे, मांस यांतून यायचं. म्हणून आठवड्यात दोन-तीनदा तरी पेडवे किंवा अंडी आणि बाकी दिवस कडधान्य, अशी माझी घडी आहे.

ही घडी मी बसवली असं म्हणायला मला संकोच वाटतो, कारण ती आमच्या सणात आधीपासूनच बसलेली आहे. गोकुळाष्टमीचं ताट बघा. आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबार, शेवग्याच्या पाल्याची भाजी. आंबोळीत तांदूळ आणि उडीद, तेही आंबवलेले, म्हणजे फायटेट पुन्हा कमी. काळे वाटाणे कडधान्य. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम दुधाहून जास्त. आणि परसातल्या झाडाचा पाला फुकट. पौष्टिक आणि स्वस्त ताट आखून द्या म्हणून कुणाला पैसे दिले असते, तर त्याने याहून वेगळं काय आखलं असतं? फक्त ते वर्षातून एकदाच करायचं असा काही नियम नाही.

तांदळाबद्दल थोडं. उकडा तांदूळ म्हणजे भात सालासकट भिजवून, उकडून, वाळवून मग कांडलेला. उकडताना बाहेरच्या पापुद्र्यातली ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात, त्यामुळे नंतर कांडलं तरी ती सगळी कोंड्याबरोबर जात नाहीत. पांढऱ्याशुभ्र सुरय (न उकडलेल्या) तांदळात ती बरीचशी गिरणीतच राहतात. आणि उकड्याची पेज केली तर पाणीसुद्धा पोटात जातं, काहीच वाया जात नाही. पेज म्हणजे गरिबाचं खाणं, असं अजून कुणी म्हणालं की मला राग येतो. मुंबईला गेलेली पोरं सुट्टीत आली की पहिली मागणी पेजेचीच करतात.

रेशनच्या तांदळाची आमच्या घरातली कथा वेगळीच. सासूबाई तांदूळ धुताना वर तरंगणारे, जरा निराळ्या रंगाचे दाणे वेचून फेकायच्या. ‘प्लास्टिक आसा ह्यां. लोकांका मारूक बसलेत.’ शेजारीपाजारीही तेच चाललेलं. ते प्लास्टिक नव्हे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, त्याला यंत्रातून तांदळाचा आकार देऊन केलेले ते दाणे, १०० किलो साध्या तांदळात साधारण १ किलो मिसळलेले. पिठाचे असल्याने ते हलके, म्हणून तरंगतात. म्हणजे शंभरातला जो एक दाणा मुद्दाम घातलेला, तोच आम्ही नेमका वेचून परसात टाकत होतो. मी त्यातले पाच-सहा दाणे वाटीत शिजवून बोटाने चिरडून दाखवले, पीठ झालं. त्या म्हणाल्या, ‘बरां.’ पटलं की नाही ते कळलं नाही. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्यांनी मात्र असा लोहयुक्त तांदूळ डॉक्टरांना विचारूनच खावा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड असूनही ‘आम्ही रेशनचा खात नाही’ म्हणणारी घरं आहेत. ते पैसे अंड्यांकडे वळवले तर?

पालेभाजीला पावसात पैसेच लागत नाहीत. पहिल्या सरींनंतर टाकळा उगवतो, मग कुर्डू, भारंगी, फोडशी. कोवळा असतानाच घ्यायचा आणि ओळख पटलेलाच घ्यायचा, अंदाजाने नाही. अळवाने घसा खाजतो तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. नीट शिजवणं आणि सोलं किंवा चिंच घालणं, दोन्ही करायचं. जेवणावर लिंबू पिळलं की भाजीतलं लोह जास्त मिळतं. जेवल्या जेवल्या चहा घेतला की कमी मिळतं. हे दुसरं वाक्य मी घरात रोज म्हणते आणि रोज चहा ठेवते.

बचत सगळीकडे करायची नसते. सोलांत मी कधी काटकसर करत नाही. हाताला किंचित ओलसर, गडद जांभळी, आंबट वास येणारी घ्यायची, तीन टाकली की काम होतं. स्वस्त, कोरडी, चामड्यासारखी सोलं सहा टाकूनही आमटी फिकीच. मसाला घरचाच. नारळ अलीकडे फार चढलाय, पण त्याला पर्याय म्हणून पाकिटातली पावडर आणली तर ती आणखी महाग पडते. त्यापेक्षा रोजच्या कालवणाला अर्ध्या वाटीऐवजी पाव वाटी खोबरं घालून वाटप अधिक बारीक करते. दाटपणा तेवढाच येतो. सोलकढीला रस काढल्यावर उरलेला चोथा लसूण-मिरची घालून तव्यावर परतला की कोरडी चटणी होते.

आणि जिथे पैसे खरोखर बुडतात ती जागा म्हणजे ‘पौष्टिक’ असं छापलेलं पाकीट. नाचणीची बिस्किटं घ्या. पाकिटामागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिला मैदा, मग साखर, मग तेल, आणि नाचणी कुठेतरी शेपटाला असेल, तर तुम्ही मैदा विकत घेतला, वर नाचणीचं चित्र फुकट मिळालं. तेवढ्याच पैशांत किलोभर नाचणी येते. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. आमच्या धाकटीला नुसतं सत्त्व आवडत नाही, म्हणून भाकरीच्या पिठात निम्मी नाचणी घालते. रंग बघून पहिल्या दिवशी रडली होती.

परवा तिने माझ्या हिशेबाच्या वहीत डोकावून विचारलं, ‘आई, तारलीच्या पुढे १० ग्रॅमचा आकडा कुठाय?’ खरंच, तारली अजून तोललेली नव्हती. आज संध्याकाळी दांडीवर रापण आहे म्हणतात. डब्यात बर्फ भरून ठेवलाय, वजनकाटाही पुसून ओट्यावर काढलाय. नवरा मात्र आत्तापासूनच विचारतोय, तारलीचे काटे एवढे बारीक, ते कोण गोळा करणार?